बुटकं शून्य

शाळेतला टीव्ही मी कुणाला देत नाही. सरकारने आमची शाळा डिजिटल केली तेव्हा तो भिंतीवर आला आणि कागदावर त्याच्याखाली माझी सही आली. तो फुटला तर जबाबदार मी, चोरीला गेला तर जबाबदार मी. वीज नसल्यामुळे वर्षातले निम्मे दिवस तो काळाकुट्ट राहतो, त्याबद्दल मात्र मला कुणी काही विचारत नाही. तांड्यातल्या लोकांनी तो लग्नाचा व्हिडिओ पाहायला मागितला, मी दिला नाही. क्रिकेटचा शेवटचा सामना पाहायला मागितला, तेव्हाही दिला नाही. तो सामना मी एकट्याने पाहिला, आवाज बारीक करून.

त्यामुळे भावसिंग राठोड येऊन म्हणाला की रविवारी त्याच्या निकिताचं सर्किट सगळ्या तांड्याला मोठ्या पडद्यावर दाखवायचं आहे, तेव्हा माझ्या जिभेवर नकार तयारच होता. पण भावसिंगला नाही म्हणणं मला जड जातं. तो आमच्या ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक आहे. जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, सगळे त्याच्याच बोटांतून बाहेर पडतात. मी मूळचा मारेगावकडचा, या तांड्यावर मास्तर म्हणून आलो, तर मी इथेच राहतो हेसुद्धा जगाला त्यानेच टाइप करून सांगितलं. आणि टाइप करावं तर त्याने. मेश्राम या आडनावाचं लोक काय काय करतात ते मी आयुष्यभर पाहत आलोय. भावसिंगच्या दाखल्यात मी नेहमी मेश्रामच असतो. वेलांटी चुकत नाही, रफार चुकत नाही, तारखा सगळ्या स्वच्छ मराठी आकड्यांत. "माह्या टायपिंगमंदी चूक दाखवा," असं तो तहसीलच्या साहेबाला तोंडावर म्हणाला होता, आणि साहेबाला ती सापडली नव्हती.

आता हे सर्किट काय ते सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

तांड्याला तीन विहिरी आहेत. पंचायतीने त्यांच्यावर रंगाने आकडे टाकलेत. एक नंबर आटली आहे, दोन नंबरचं पाणी जनावरंही नाक मुरडत पितात, आणि तीन नंबरवर मोटर आहे. सगळा तांडा तीन नंबरवर जगतो. उन्हाळा लागला की तिचं पाणी खाली जातं, मोटर कोरडीच फिरत राहते आणि जळते. मग ती जीपच्या टपावर चढून दारव्ह्याला पंजाबरावच्या दुकानात जाते. पंजाबराव जळक्या मोटरी नवी तार भरून देतो, वायरिंग करतो आणि बोलतो. मोटर परत येईपर्यंत बाया लांबच्या शेतातल्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणतात. भावसिंगची बायको रामीबाई त्यात सगळ्यात पुढे असते. संध्याकाळी मान हलवता येत नाही म्हणून ती मागे कुणी हाक मारली तर अख्खी वळते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

निकिता तिची मुलगी. यवतमाळला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने ठरवलं की यंदा मोटर जळू द्यायची नाही. तिची युक्ती सोपी होती. विहिरीत दोन सळ्या सोडायच्या. सळ्यांमध्ये पाणी आहे तोवर पाण्यातून थोडा करंट जातो आणि मोटर चालते. पाणी सळ्यांखाली गेलं की करंट तुटतो आणि मोटर आपोआप बंद पडते. मलासुद्धा पहिल्या झटक्यात समजलं.

अडचण होती ती तांड्याचे नाईक लखीराम यांची. फेब्रुवारीत सेवालाल जयंतीला निकिताने देवळावर आपोआप लागणारे दिवे बसवले होते. अंधार पडला आणि दिवे आपोआप लागले, हे खरंच. त्यांच्या पाठोपाठ धूरही आपोआप निघाला. तेव्हापासून नाईकांनी तिला तांड्यातल्या कुठल्याही वायरीला हात लावायची बंदी केली होती. निकिताने त्यांना समजावलं, की आता असं होणार नाही. संगणकात एक प्रोग्राम असतो, त्यात सर्किट लिहायचं आणि तिथेच चालवून पाहायचं. जळायचं असेल तर ते संगणकात जळतं, बाहेर धूर येत नाही.

नाईकांनी मिशीवरून हात फिरवला आणि निकाल दिला. "मंग थेच दाखव आमाले. सगळ्याईच्या समोर. तिथं चाललं तर मोटरीले हात लाव. नाई चाललं तर मोटर पंजाबरावची, अन् तू पुन्हा विषय काढाचा नाई."

पंजाबरावने मोटरीचं वर्षभराचं काम आपल्याकडे मागितलंच होतं. निकिताला तो पहिल्यापासून पाण्यात पाहत होता.

निकिताने कॉलेजात सर्किट लिहून फाइल बापाला पाठवली. शनिवारी भावसिंगने पंचायतीच्या संगणकावर ती उघडली, तर तिथला प्रोग्राम जुना निघाला. कॉलेजातल्या प्रोग्रामला ग्राउंडसाठी जीएनडी असं लिहिलेलं चालत होतं, याला ते काय आहे ते कळेना. भावसिंगने फोन लावला. निकिता तेव्हा दारव्ह्याच्या जीपमध्ये बायांच्या आणि पिशव्यांच्या मधोमध बसली होती आणि रेंज जात-येत होती. तिने ओरडून सांगितलं, "बा, जीएनडी काढ अन् तिथं शून्य टाक. सगळीकडे." भावसिंगने टाकलं. एका दाखल्यातलं नाव काढून दुसरं घालायला त्याला एक बटण पुरतं, तसंच हेही झालं. चालवून पाहणार तोच वीज गेली, ती रविवारी सकाळी आली.

रविवारी पंचायतीचा संगणक दुपट्ट्यात गुंडाळून मोटरसायकलवरून शाळेत आला. म्हणजे आता पंचायतीची वस्तू शाळेत, शाळेची वस्तू तांड्याच्या हवाली, आणि दोन्हींच्या मधली वायर माझ्या घरची. मी टीव्हीच्या शेजारी उभा राहिलो आणि दिवसभर तिथून हललो नाही, एक वेळ सोडून. ती पुढे येईलच.

वर्ग गच्च भरला. पहिलीच्या बाकांवर म्हातारी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली. नाईकांना माझी खुर्ची दिली. पंजाबराव दारव्ह्याहून मुद्दाम आला होता आणि दाराला टेकून उभा होता. रामीबाई पुढेच बसली होती. पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या सात-आठ ओळी आल्या. रामीबाईने त्या नीट पाहिल्या आणि विचारलं, की यात पाणी कुठे आहे. निकिताने एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे 'आरपाणी' असं लिहिलं होतं. ती आईला म्हणाली, "हे पाणी, याडी. पाच सेकंदांनी थे संपन." रामीबाईचं समाधान झालेलं दिसलं. पाच सेकंदांत संपणारं पाणी तिच्या ओळखीचं होतं.

निकिताने बटण दाबलं. पडद्यावर आलेख यायचा होता, त्याऐवजी लाल अक्षरांत इंग्रजी वाक्य आलं.

"काय म्हणून राह्यला तो?" नाईकांनी विचारलं. निकिता वाक्य वाचण्यात गढली होती, म्हणून सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी मास्तर. इंग्रजी मीच शिकवतो. वाक्य होतं, 'नोड थ्री इज फ्लोटिंग'. नोड म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, पण एवढ्या लोकांसमोर ते सांगायची माझी इच्छा नव्हती. थ्री कळत होतं, फ्लोटिंग कळत होतं. मी मोठ्याने भाषांतर केलं, "तीन नंबर. तरंगतंय."

मग मागून कुणीतरी हळूच विचारलं, "कोण?"

तीन नंबर म्हणजे या तांड्यात एकच गोष्ट आहे. बायांच्या तोंडचं पाणी पळालं, ज्याने त्याने आपापली पोरं मोजली, आणि पुढच्या क्षणी सगळा वर्ग विहिरीकडे धावत होता. नाईक धोतर सावरत सर्वांत पुढे. मीही टीव्ही सोडून धावलो, तीच ती एक वेळ. मागून निकिता काहीतरी ओरडत होती, पण कुणी ऐकेना.

आधी पोहोचलेल्या एकाने विहिरीत वाकून पाहिलं आणि गोंधळून सांगितलं, की फुटबॉल तरंगून राह्यला. आता मोटरीच्या पाइपाच्या बुडाशी जी लोखंडी झडप असते, तिला आमच्याकडे सगळे फुटबॉलच म्हणतात. ती तरंगते म्हणजे पाइप तुटला असणार, असं एकाने म्हटलं. पण लोखंड तरंगेल कसं, असं दुसऱ्याने विचारलं. त्यावर तिथे वाद सुरू झाला. मी गर्दीतून वाट काढत वाकून पाहिलं. तो खरोखरचा फुटबॉल होता. शाळेचा. सव्वीस जानेवारीला हरवलेला, आणि ज्याच्यासाठी मी तीन पोरांना अख्खा आठवडा मैदान झाडायला लावलं होतं. बादली सोडून तो वर काढला.

परत शाळेकडे येताना सगळ्यांचा संगणकाबद्दलचा आदर फार वाढला होता. शाळेत बसल्या बसल्या त्याला विहिरीतलं दिसलं होतं. नाईकांनी तर निकिताला विचारलं, की आमची गेल्या वर्षी गेलेली बकरी याला सांगता येईल का. निकिता बिचारी घसा कोरडा करून सांगत होती, की याचा विहिरीशी काही संबंध नाही. फ्लोटिंग म्हणजे सर्किटमधलं एक टोक कशालाच जोडलेलं नाही, अधांतरी आहे, एवढंच तो म्हणतोय. पण चेंडू माझ्या काखेत होता आणि सगळ्यांना तो दिसत होता.

चेंडू निघाला म्हणजे आता चालेल, असं सगळ्यांचं मत पडलं. नाईकांचा मान राखायचा म्हणून तिने पुन्हा बटण दाबलं. तेच लाल वाक्य आलं आणि त्याच्याखाली आणखी एक, 'सिंग्युलर मॅट्रिक्स'. पुन्हा माना माझ्याकडे. यावेळी मी सावध होतो. सिंग्युलर म्हणजे एकवचन, हे मी सहावीला शिकवतो, त्यात चूक होणं शक्य नव्हतं. आणि दुसरा शब्द सरळच होता. मी म्हणालो, "एकच मॅट्रिक."

लखीराम नाईकांनी मान डोलावली. "बराबर हाये. माह्या सालात तांड्यातून मॅट्रिक झालेला मी एकटाच." ते खुर्चीत ताठ झाले. संगणकाला चेंडू दिसतो, तर हेही दिसणारच.

निकिता माझ्याजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "गुरुजी, आता तुम्ही वाचू नका." मला राग आला, पण मी वाचलं नाही.

उरलेलं तिनेच वाचलं. संगणकाचं म्हणणं असं होतं, की या सर्किटला कुठूनही ग्राउंडकडे जायला रस्ता नाही. ग्राउंड हा शब्द ऐकताच पंजाबरावने दाराचा टेका सोडला. इतका वेळ तो याच शब्दाची वाट पाहत असावा. ग्राउंड म्हणजे अर्थिंग, त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं. शाळेची अर्थिंग सुकली आहे. कोळसा, मीठ आणि पाणी टाकलं की संगणक सरळ चालेल. पोरीला पुस्तकातलं कळतं, पण अर्थिंग कळायला हात काळे करावे लागतात, असंही तो म्हणाला. निकिताने सांगितलं, की काका, हे अर्थिंग जमिनीतलं नाही, लिहिण्यातलं आहे. लिहिण्यातलं अर्थिंग पंजाबरावने कधी ऐकलं नव्हतं. तांड्यानेही ऐकलं नव्हतं. नाईकांनी पाणी आणायला सांगितलं.

मीठ माझ्याच खिचडीच्या कोठीतून गेलं. पाणी तीन नंबरवरून आणायचं होतं, आणि तिथे रामीबाई अडून बसली. "पाणी वाचवाची मशीन पाहाले आलो आम्ही," ती म्हणाली, "अन् पेयाचं पाणी गड्ड्यात ओतून राह्यले तुमी. कायले?" लोकांनी तिला वळसा घालून बादल्या भरायला सुरुवात केली.

सगळे अर्थिंगच्या खड्ड्याकडे गेले. वर्गात निकिता, भावसिंग, मी आणि दोन-चार म्हातारे राहिलो. भावसिंग म्हाताऱ्यांना सांगत होता, की बाकी काहीही असो, टायपिंगमध्ये दोष निघणार नाही, कारण ते त्याने स्वतः केलं आहे. म्हातारे हो हो म्हणत होते. त्यांच्या पेन्शनच्या कागदांत कधी दोष निघाला नव्हता.

निकिता टीव्हीजवळ आली. पडद्याला नाक लागेल इतकी जवळ, आणि एकेक ओळ बोटाने वाचू लागली. पडद्यावर बोटांचे ठसे पडत होते आणि मी ते गप्प बसून पाहिले, यावरून माझी त्या वेळची मनःस्थिती लक्षात यावी. ती पुटपुटत होती. बॅटरीचं दुसरं टोक शून्याला. ट्रान्झिस्टरचं टोक शून्याला. हा रेझिस्टर शून्याला. सगळं जोडलेलं होतं, आणि संगणक म्हणत होता की काहीच जोडलेलं नाही. मग एका ओळीवर तिचं बोट थांबलं. त्या ओळीत दोन तऱ्हेची शून्यं होती, दहा हजारातली आणि ग्राउंडचं. दहा हजारातली उभट आणि लांब होती. ग्राउंडचं गोल आणि बुटकं होतं.

तिने मागे वळून बापाकडे पाहिलं. तो तहसीलच्या साहेबाची गोष्ट सांगत होता.

तिला काय दिसलं ते मला तेव्हा कळलं नाही. एवढं कळलं की काहीतरी दिसलं आहे आणि ते तिला सांगायचं नाही. ती कीबोर्डवर बसली आणि भराभर काहीतरी बदललं. त्याच वेळी बाहेर शेवटची बादली खड्ड्यात रिकामी झाली आणि खिडकीतून पंजाबरावचा आवाज आला, की आता पाहा लावून.

निकिताने बटण दाबलं. पडद्यावर हिरवी रेघ आली. सरळ चालत गेली आणि पाचच्या आकड्यावर खाली पडली. "पाणी संपलं," निकिता म्हणाली. "मोटर बंद झाली. जळली नाई." तिचा आवाज आनंदाचा असायला हवा होता, तो तसा नव्हता.

तोवर सगळे आत आले होते. पंजाबरावच्या हाताला ओला कोळसा होता आणि तो हात त्याने वर धरला होता. त्याला काही बोलायची गरजच पडली नाही. रेघ पाहून लोक त्याच्याकडे पाहत होते. नाईक म्हणाले, की पोरीचं सर्किट चांगलं आहे, हुशार आहे पोरगी, पण अडलं तेव्हा चालू कुणी केलं ते सगळ्यांनी पाहिलं. सर्किटचा डब्बा पोरीने बनवावा, पण मोटरीचं काम पंजाबरावच पाहील. तो लावेल, तो काढेल. निकिताने मान खाली घातली आणि हो म्हणाली. रामीबाईने लेकीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तिला वाटलं असेल, की आता कुणीतरी बोलेल.

मला त्या पोरीचा भयंकर राग आला. इतके दिवस जिवाचा आटापिटा करायचा आणि खड्ड्यात मीठ ओतणाऱ्याला सगळं देऊन टाकायचं, हा कुठला शहाणपणा?

भावसिंग मात्र पडद्याकडे पाहत होता. तो पुढे आला, चष्मा वर केला, खाली केला.

"निकिता, हे शून्य लांब झाले कायले?"

"राहू दे, बा," ती म्हणाली.

भावसिंगने राहू दिलं नाही. आपल्या टायपिंगमध्ये कुणी हात घातला तर आईला लेकराच्या अंगावर परका सदरा दिसावा तसं त्याला दिसतं. त्याने मुलीला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसला आणि कीबोर्डकडे न पाहता दोन बटणं दाबली. पडद्यावरची ग्राउंडची सगळी शून्यं एका झटक्यात बुटकी झाली. त्याने चालवलं. लाल वाक्य आलं. फ्लोटिंग. हे वाक्य आता अख्ख्या तांड्याला वाचता येत होतं.

तो पंजाबरावकडे वळला. "अर्थिंग वल्लीच हाये ना अजून?"

पंजाबराव म्हणाला, वल्ली आहे.

भावसिंगने कीबोर्ड इंग्रजीवर नेला. शून्यं लांब झाली. चालवलं, हिरवी रेघ आली आणि पाचवर पडली. त्याने पुन्हा बुटकी केली, लाल. पुन्हा लांब केली, हिरवी. तो मग उठला आणि नाईकांसमोर उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"चूक माही हाये. पोरीनं मले शून्य टाक म्हणलं, म्या मराठी शून्य टाकलं. माह्या बोटाले तेच येते. मशीनले थे शून्य वाटतच नाई, कोणतं तरी अक्षर वाटते. अर्थिंगचा काही संबंध नाई. अन् हे तिले मघाच सापडलं व्हतं."

भावसिंग राठोडच्या टायपिंगमध्ये चूक निघाली होती आणि ती त्याने स्वतः चार वेळा चालवून दाखवली होती. निकिताच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, ते मी चेंडू पुसायच्या निमित्ताने पुसलं.

मग लखीराम नाईक संतापले. आम्हाला वाटलं भावसिंगवर, पण नाही. "मराठी शून्याले किंमत नाई म्हंते थे? काहून?" त्यांनी संगणकाकडे बोट रोखून विचारलं. "आमच्या सातबाऱ्यावर हेच शून्य. दाखल्यावर हेच शून्य. मास्तर माह्या पेपरात द्याचा थे बी हेच शून्य." सगळा तांडा पेटला. तांड्याच्या गोर बोलीत, वऱ्हाडीत, जमेल तशा हिंदीत लोक संगणकाला जाब विचारू लागले. येत्या ग्रामसभेत त्याच्याविरुद्ध ठराव घ्यायचं तिथल्या तिथे ठरलं, आणि तो टाइप भावसिंगनेच करावा असंही ठरलं, कारण दुसऱ्याला ते जमलं नसतं. पोरगी खोटी पडली होती ती संगणकाच्या हेकटपणामुळे, आणि त्या हेकट संगणकाला तिने सरळ केलं होतं. म्हणजे ती आपली होती.

पंजाबराव हात धुवायला पाणी शोधत होता. नाईकांनी त्याला थांबवलं. आवाज चढवला नाही. "पंजाबराव, एवढे साल आमची मोटर तुह्याकडे येऊन राह्यली. दरवेळी तू सांगतलं, जळली म्हणून. काहून जळली, थे एकदाही नाई सांगतलं." नाईक निकिताकडे वळले आणि म्हणाले, मोटरीले हात लाव.

होळी झाली आणि डब्बा बसला. विहिरीच्या काठावर, पत्र्याच्या टोपीखाली. त्याच्यावर चालू-बंद करायचं बटण आहे आणि बटणाच्या दोन्ही बाजूंना चिकटवायला भावसिंगने पंचायतीच्या प्रिंटरवर आकडे छापून आणले. त्या रविवारपासून तो धसकला होता, म्हणून त्याने इंग्रजी छापले. निकिताने ते परत दिले. ती म्हणाली, बा, इथं तुहंच शून्य पाह्यजे. आता तिथे ० म्हणजे बंद आणि १ म्हणजे चालू आहे. शून्य गोल आणि बुटकं आहे, आणि बटण तिथे नेलं की मोटर बंद होते.

मे महिन्यात एका दुपारी मोटर चालता चालता आपोआप थांबली. हा आवाज तांड्याला पाठ आहे. मोटर थांबली की आधी वास घ्यायचा, मग कपाळाला हात लावायचा, मग जीपवाल्याला फोन करायचा. त्या दिवशीही सगळे सवयीने विहिरीकडे पळाले. रामीबाई आली ती डोक्यावर चुंबळ ठेवून, पाण्याचा रिकामा गुंड घेऊनच. मोटर थांबली म्हणजे लांबच्या विहिरीवर जायचं, हे तिच्या पायांना माहीत होतं. जळका वास कुठेच नव्हता. लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहत नाक ओढत होते. रामीबाईने पुढे होऊन मोटरीवर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"जळली नाई," ती म्हणाली. "फक्त थांबली."

निकिताने सांगितलं, की विहिरीत पाणी भरलं की ती आपली आपण चालू होते. तोवर वाट पाहायची, दुसरं काही करायचं नाही. रामीबाईने डोक्यावरची चुंबळ काढली, गुंड काठावर पालथा घातला आणि त्याच्या शेजारी मोटरीला टेकून बसली. कुणीतरी मागून हाक मारली, तर तिने नुसती मान वळवून पाहिलं.